कंट्रोलची बरणी

तिच्या पिसवांची पोटं माझ्या पिसवांपेक्षा हिरवी होती. आज हे लिहिताना हसू येतं, पण नव्वदीच्या सुरुवातीला, जालन्यात एम.फिल. करत असताना, या एका गोष्टीपायी मला जेवण गोड लागत नव्हतं.

पिसवा म्हणजे कुत्र्याच्या अंगावरच्या नव्हेत. पाणपिसवा. म्हशी बसतात त्या डबक्यात, जुन्या विहिरींत त्या थव्यानं असतात. झिंगे-खेकड्यांच्या कुळातला हा जीव, पण मोहरीच्या दाण्याएवढा, आणि सगळं अंग आरपार दिसणारं. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काळा डोळा, पाठीशी धडधडणारं काळीज, पिल्लांची पिशवी, तोंडापासून मागपर्यंत वळत गेलेलं आतडं, सगळं उघडं. शेवाळाचं हिरवं पाणी पाजलं की आतड्यात हिरवी रेघ भरत जाते. मग साध्या पाण्यात थोडं यीस्ट कालवून त्यात सोडलं की ती रेघ मागं मागं सरकत बाहेर पडते. घड्याळ लावून बसलं की पचनाला किती वेळ लागतो ते नुसतं बघून मोजता येतं. ज्याच्या पोटातलं जगाला दिसतं अशा प्राण्यावर मी काम करत होते, आणि माझ्या पोटात काय चाललंय ते कुणाला दिसत नाही याचं मला बरं वाटायचं.

आमच्या सरांनी विषय दिला होता मोरचूदाचा. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, निळा. जालन्याकडं मोसंबीच्या बागा, आणि बागवाले पावसाळ्याच्या तोंडाला मोरचूद आणि चुना कालवून झाडांच्या बुंध्यांना फासतात. माझ्या गावी, धावड्याला, आमच्या विहिरीवरही मोसंबीची चार झाडं होती. वडील तो लेप कालवायचे, ब्रशनं लावायचे आणि मग पिंप विहिरीच्या थारोळ्यात, काठावरच्या दगडी कुंडात, धुवायचे. ते पाणी झिरपत कुठं जातं याचा कुणी विचार केला नव्हता. सरांनी केला. पाण्यात तांबं उतरलं की या पिसवांचं पचन कसं बिघडतं, हा माझा भाग. बिघडलेलं पचन स्वच्छ पाण्यात परत सुधारतं का, हा तिचा भाग.

ती माझ्याबरोबरच सरांकडं एम.फिल. करणारी, जाफराबादची. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, घर बौद्ध. जालन्यात भावाच्या खोलीवर राहायची, दोन ड्रेस आलटून पालटून घालायची. मी तिथंच मस्तगड भागात मावशीकडं राहत होते. तिची माझी ओळख प्रयोगशाळेत झाली आणि पहिल्या आठवड्यातच मला ती सलायला लागली. कारण सांगायचं तर तिचा हात. काचेच्या नळीनं पिसू उचलायची म्हणजे हवेचा बुडबुडा लागता कामा नये. बुडबुडा कवचाखाली अडकला की पिसू वर तरंगते आणि मरते. माझ्या दहातल्या दोन-तीन तरंगायच्या. तिची एकही नाही. सर एकदा बोलून गेले, "हिच्या हाताखाली जनावर मरत नाही." माझ्याकडं बघून बोलले नाहीत, पण मी तिथंच होते.

मग मला तिचं सगळंच डोळ्यात खुपायला लागलं. तिच्या वहीतल्या आकृत्या, पेन्सिलीला टोक काढायची तिची पद्धत, आणि मुख्य म्हणजे तिचं टेबल. प्रयोगशाळेत खिडकीजवळ एकच टेबल होतं आणि ते तिला मिळालं होतं, कारण ती आधी आली होती. आमचे सूक्ष्मदर्शक आरशाचे, उजेडावर चालणारे. खिडकीजवळ दुपारपर्यंत दुधासारखा उजेड पडायचा. मी भिंतीकडं, बल्ब लावून. माझ्या पिसवांचं आतडं मला पिवळट दिसतं ते बल्बमुळं, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

हेव्यामागं नुसता स्वभाव नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. सरांकडं पुढं पीएच.डी.साठी एकच जागा होती. दोघींपैकी जिचं काम चांगलं उतरेल तिला ते ठेवणार, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. माझ्या वडिलांनीही आडपडदा ठेवला नव्हता. जागा मिळाली तर शीक, न्हाई तर उन्हाळ्यात स्थळं बघायची. मला ती जागा जीव तोडून हवी होती. तिलाही हवी असणार, पण तिला काय हवं ते मी कधी विचारलं नाही.

प्रयोगाचा सगळा डोलारा एका बरणीवर उभा असतो. तिला कंट्रोल म्हणतात. बाकीच्या बरण्यांत मोरचूदाचे कमीजास्त थेंब, आणि एका बरणीत काहीच नाही, फक्त स्वच्छ पाणी. त्या बरणीतल्या पिसवा धडधाकट राहिल्या तरच बाकीच्या आजारी आहेत असं म्हणता येतं. म्हणून पाण्याबद्दल सरांचा नेम कडक होता. नळाचं चालणार नाही, त्यात ब्लीचिंग पावडर. विहिरीचं आणायचं, धुवट फडक्यानं गाळायचं, एक दिवस निववायचं, म्हणजे न हलवता ठेवून द्यायचं, मग वापरायचं. कॉलेजची विहीर होती तोवर प्रश्न नव्हता. मार्चात ती आटली. जालन्यात मार्चात विहीर आटली तर कुणी आश्चर्य करत नाही. सर म्हणाले, ज्याचं त्यानं पाणी आणा, पण रोज एकाच ठिकाणचं.

ती भावाच्या गल्लीतल्या हापशाचं पाणी आणायची. माठात निववून, प्लास्टिकच्या कॅनमध्ये. मी मावशीच्या अंगणातल्या आडाचं. तेही कॅनमध्येच. पंधरा दिवस दोघींचं ठीक चाललं. तरी तिच्या कंट्रोलच्या बरणीतल्या पिसवा माझ्यापेक्षा टुकटुकीत दिसायच्या. पिशव्या पिल्लांनी भरलेल्या, आतडं गर्द हिरवं. माझ्याही चांगल्या होत्या, हे आज वही काढून बघितल्यावर कळतं. तेव्हा दिसत नव्हतं. तेव्हा मला वाटलं, हापशाच्या पाण्यावर हिच्या पिसवा अशा, तर माझ्या का नाहीत. माझं पाणी हिच्यापेक्षा चांगलं असलंच पाहिजे.

मावशीच्या घरात सगळ्यात चांगलं पाणी कुठलं, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. देव्हाऱ्याशेजारी तिवईवर तांब्याचा हंडा होता. मावशी रोज सकाळी तो चिंचेनं घासायची, इतका की त्यात तोंड दिसावं. रात्रभर पाणी त्यात ठेवायचं आणि सकाळी देवाला आणि माणसांना तेच. पावण्यारावळ्यांना ती कौतुकानं सांगायची, "हंड्यातलं पाणी म्हंजी बिलकुल गंगा. एकदा प्या, पोटाची तक्रार ऱ्हानार न्हाई."

मी तिला म्हणाले, "मावशी, माझ्या कॉलेजच्या पाण्याला हा हंडा देशील का?"

"किड्यांना?"

"परीक्षेचं आहे गं ते."

मावशीचा परीक्षेवर फार विश्वास. तिनं देवापुरता लहान गडू वेगळा काढला आणि हंडा मला दिला. घासायचं काम मात्र तिनं सोडलं नाही. रोज चिंच, रोज लख्ख. मी आडाचं पाणी गाळून त्यात ओतायची, चोवीस तास निववायची आणि दुसऱ्या दिवशी कॅन भरून न्यायची. जाताना मनात यायचं, आता बघू तुझा हापसा.

वाचणाऱ्याच्या केव्हाच लक्षात आलं असेल. माझ्या येत नव्हतं. मी दिवसभर तांब्याच्या विषावर काम करत होते आणि पाणी तांब्यात निववत होते. मोरचूद बाटलीतला, निळा, त्यावर लाल अक्षरात सूचना लिहिलेली. हंडा तांबडा, देवाजवळचा. दोन्हीत एकच धातू आहे हे मला पुस्तकात माहीत होतं, घरात माहीत नव्हतं. त्यातून चिंचेच्या आंबटानं रोज नवं तांबं उघडं पडत होतं, म्हणजे जुन्या काळ्या पडलेल्या हंड्यापेक्षाही वाईट. हे आता वर्गात मी मुलांना सांगते. आपली गोष्ट म्हणून सांगत नाही.

चार-पाच दिवसांत माझी कंट्रोलची बरणी बसायला लागली. पिसवा तळाशी. हिरवं पाणी पाजलं तरी आतड्यात रेघ भरेना, मधेमधे तुटलेली, फिकट. भरली तर बाहेर पडेना. पचनाचा दुसरा एक प्रयोग होता. पिसवा बर्फावर खलून त्यांच्या पाचकरसात पिष्ट घालायचं आणि मग आयोडीन. रस चांगला असेल तर पिष्ट पचतं आणि निळा रंग येत नाही. माझ्या कंट्रोलची नळी निळीशार झाली, मोरचूदाच्या नळ्यांसारखीच. सरांनी दोन्ही नळ्या खिडकीशी धरल्या आणि म्हणाले, "यात फरक कुठंय?" फरक तिच्या नळ्यांत होता.

त्यातच माझं पिसवांचं सगळं बी संपलं. बियाण्यासाठी राखलेल्या कुंड्यांतल्या उरल्यासुरल्या पिसवासुद्धा गेल्या, कारण त्यांनाही मी लाडानं हंड्यातलंच पाणी घालत होते. एका रविवारी ती मस्तगडात घर शोधत आली. हातात फडक्यानं तोंड बांधलेली हॉर्लिक्सची बाटली. आत तिच्या पिसवा. "घरी कंटाळा आल्ता, म्हणलं देऊन यावं," ती म्हणाली. मला सांगायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी उपकाराचा राग आला. चांगलं काम तिचं, आणि वर चांगुलपणाही तिचाच.

मावशीनं तिला ओसरीवर बसवलं. आडनाव विचारलं, गाव विचारलं, वडिलांचं विचारलं, आणि मग आत गेली. मी बाटलीत जरा पाणी वाढवावं म्हणून हंडा अंगणाकडं ओढला आणि वाटीनं पाणी काढायला लागले.

"हेच पाणी लॅबला नेतेस?" तिनं विचारलं.

"हो. तांब्यातलं. रोज घासलेला हंडा आहे."

ती हंड्याकडं बघत राहिली. तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार होती. तेवढ्यात मावशी पाणी घेऊन बाहेर आली. घरातल्या फुलपात्रात नाही. कोनाड्यात एक स्टीलचा पेला वेगळा ठेवलेला असायचा, कामाला येणाऱ्या बाईसाठी, त्यात. पेला हातात न देता मावशीनं ओसरीच्या कडेला ठेवला. तिनं पेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पाणी प्यायली आणि उठली. "येते मावशी," म्हणाली. मला वाटलं, आमचं घर नजरेनं मोजून गेली. पेल्याचं मला काही वाटलं नाही. तो पेला मी लहानपणापासून बघत आले होते.

तिनं दिलेल्या पिसवाही माझ्या बरणीत तीन दिवसांत बसल्या. त्याच पिसवांच्या बहिणी तिच्या बरणीत उड्या मारत होत्या. आता हेव्याला संशयाचे पाय फुटले. प्रयोगशाळेला कुलूप नव्हतं, बरण्या उघड्या मांडणीवर. ती माझ्याआधी येते, माझ्यानंतर जाते. जागा एक आहे. मोरचूदाची बाटली तिथंच आहे. एक थेंब, बस. तिच्या जागी मी असं केलं असतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आवडलं नसतं.

आणि एका दुपारी मी जेवून परत आले तर ती माझ्या मांडणीपाशी वाकलेली. हातात काचेची नळी, आणि नळी माझ्या कंट्रोलच्या बरणीत.

"माझ्या पाण्याला हात का लावलास?"

मी ओरडले असेन, कारण प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते बादली ठेवून आत आले आणि सरही केबिनमधून बाहेर आले. ती सावकाश सरळ झाली. नळीतलं पाणी तिनं एका काचेच्या बशीत सोडलं, जपून, बुडबुडा न येता. तिचा चेहरा उतरला नव्हता. दगडासारखा झाला होता.

"सर, थेंबभर पाणी घेतलं मी," ती म्हणाली. "माझ्या पिसवा त्यात सोडून बघणार होते."

"विचारून घ्यायचं," सर म्हणाले.

"हिनंच काहीतरी घातलंय सर. नाहीतर माझ्याच पाण्यात का मरतात?" मी म्हणाले. "माझ्या पाण्याला हिनं हात लावायचा नाही."

मामा मधे पडले. "ताई, सबूर. आसं बोलू न्हाई." मामा स्वतः तिच्याच समाजाचे होते. हेही मला तेव्हा सुचलं नाही.

ती माझ्याकडं बघत होती. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या आजीला गावच्या विहिरीवर हेच म्हणले होते. शब्दसुद्धा हेच." तिनं पिशवी उचलली आणि त्या दिवशी लवकर घरी गेली.

मला वाटलं, कुठली गोष्ट कुठं नेते. मी जातीवरून बोलले नव्हते, मी प्रयोगावरून बोलले होते. हे मी त्या दिवशी स्वतःला बऱ्याच वेळा बजावलं. जे खरं असतं ते इतक्या वेळा बजावावं लागत नाही, हे समजायला पुढं बरीच वर्षं गेली.

सरांनी भांडण मिटवायचा त्यांचा उपाय केला. माझ्या बरण्या काचेच्या कपाटात हलवल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली. दुसऱ्या दिवशी तिनं ते बघितलं आणि विचारलं, "सर, माझ्या बरण्यांना?" सर म्हणाले, "तुझ्या बरण्यांना काही झालेलं नाही ना." ते कुणाला चोर म्हणाले नाहीत. पण कुलूप एकाच बाजूला लागलं की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. तिनं त्यानंतर आठवडाभरात होतं तेवढं काम आवरलं, प्रबंध लिहायला घरी गेली, आणि प्रबंध देण्यापुरतीच परत आली. पीएच.डी.च्या जागेसाठी तिनं अर्जच केला नाही. मामा मला एकदा म्हणाले, "ती न्हाई आता येत. शाळेवर लागून राह्यली म्हणं, तिकडं लांब." मी बरं म्हणाले.

ती गेली आणि कुलूपबंद कपाटात माझ्या पिसवा मरतच राहिल्या. किल्ली माझ्या गळ्यात होती. आता संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

मग मावशीच्या दिराकडं लग्न निघालं. लग्नघरी भांडी कमी पडतात, म्हणून मावशी हंडा घेऊन गेली. मी नाइलाजानं पाणी माठात निववायला लागले आणि गावाकडच्या डबक्यातून नव्या पिसवा मागवल्या. आठवड्यात बरणी उठली. पिसवा वरखाली करायला लागल्या, पोटात हिरवी रेघ अखंड, पिशव्यांत पिल्लं. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, आणि मला हंडा आठवला. मावशी परत आल्यावर मी एकच आडाचं पाणी निम्मं हंड्यात, निम्मं माठात निववलं आणि दोन बरण्या भरल्या. चौथ्या दिवशी एक बरणी तळाशी बसलेली. आता पुरावा माझ्या वहीत होता, माझ्याच अक्षरात.

मी वही घेऊन सरांच्या केबिनपर्यंत गेले. हे मी नेहमी स्वतःच्या बाजूनं मोजते, की मी गेले. सांगायचंच ठरवून गेले. सरांनी वर बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तुझी बरणी बघितली मी. छान चाललंय आता. कुलपाचा फायदा झाला ना?"

मी म्हणाले, "हो सर."

एवढंच. दोन शब्द. जागा मला मिळाली. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात मी लिहिलं, पाणी मातीच्या माठात साठवले. का, ते लिहिलं नाही. हंड्याच्या दोन बरण्यांचं पान मी वहीतून फाडलं नाही, पण ती वही कुणाला दाखवलीही नाही. वडिलांनी स्थळं बघायचं पुढं ढकललं. पुढं मला कॉलेजात नोकरी लागली. सर निवृत्त झाले आणि एका वर्षी गेलेही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक येतात, त्यांना आम्ही एक्स्टर्नल म्हणतो. विद्यापीठाचं पत्र आलं, त्यात तिचं नाव होतं, आडनावापुढं डॉक्टर लावलेलं. शाळेतून कॉलेजात, आणि नोकरी सांभाळून उशिरानं पीएच.डी., तेही दुसऱ्या विद्यापीठातून. ते पत्र वाचताना पहिली गोष्ट काय वाटली सांगू? की तिनं एकटीनं केलं, मला सर लागले. पुन्हा पोटात दुखलं, इतक्या वर्षांनी.

ती आली. केस पिकायला लागलेले, चष्मा, साडी नीट. "कशी आहेस?" म्हणाली, कालच भेटल्यासारखी. प्रात्यक्षिकात पाणपिसू होतीच, मीच ठेवते दरवर्षी. मुलं काळजाचे ठोके मोजत होती. ती एका सूक्ष्मदर्शकावर वाकली, वेळ लावून बघितलं आणि म्हणाली, "चांगल्या हिरव्या आहेत. पाणी कशात निववता?"

"माठात," मी म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघीच स्टाफरूममध्ये होतो. मी स्वतः उठून तिच्यासाठी पाणी आणलं, घरून आणलेल्या नव्या पेल्यात, आणि तिच्या हातात दिलं. तिनं पेला घेतला, टेबलावर ठेवला आणि पर्समधून आपली बाटली काढून दोन घोट प्यायली. "राग मानू नको," म्हणाली. "पाणी मी माझं आणते. सवय झाली."

मग मला राहवलं नाही. "हंडा होता तो," मी म्हणाले. "तांब्याचा. त्याच्यामुळं मरत होत्या."

"माहीत आहे."

"तू त्या दिवशी पाणी घेत होतीस ते त्यासाठीच?"

"ते खात्री करायला. कळलं होतं आधीच, तुझ्या मावशीच्या ओसरीवर." बाटलीचं झाकण ती हळूहळू फिरवत होती. "सांगणारच होते. तेवढ्यात तो पेला आला."



"तुमच्या हंड्यानं पाणी नासतं," ती म्हणाली, "हे मी त्या पेल्यातून पाणी पिऊन, त्या ओसरीवर बसून सांगायचं होतं? तूच सांग."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "मला नंतर कळलं. सरांना मी सांगितलं नाही."

"तेही माहीत आहे. तू सांगितलं असतंस तर सरांनी पत्र टाकलं असतं. सर तसे होते." तिनं बाटली पर्समध्ये ठेवली. "मी दोन वर्षं वाट बघितली त्या पत्राची. शाळेत टपाल आलं की मीच आधी जायची."

घंटा झाली. ती उठली आणि पुढच्या तुकडीचे गुण भरायला गेली, एकाही मुलाला कमी न देता. संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. तिला दिलेला पेला तसाच भरलेला टेबलावर होता.

तिची ती दोन वर्षं कशी गेली असतील, याचा मी अलीकडं फार विचार करते. माझी कशी गेली ते मला माहीत आहे. ती प्रयोगशाळा सोडून गेली त्याच आठवड्यात मी मामांना सांगून माझं सामान हलवलं होतं. दोन्ही वर्षं मी खिडकीजवळच्या तिच्या टेबलावर बसून काम केलं. उजेड खरंच चांगला होता तिथं.